मित्रास पत्र: कर्जाच्या ॲपमधली नोकरी आणि आपला विश्वास

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे लांबलचक पत्र. कर्ज देणाऱ्या ॲपच्या कंपनीत काम करणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का असं तू विचारलंयस, आणि वर म्हणतोस की बायबलमध्ये ॲपबद्दल थोडंच काही सापडणार. ॲपबद्दल नाही सापडणार रे, पण देणेकरी आणि सावकार यांच्याबद्दल त्यात इतकं आहे की तुझ्यासाठी म्हणून वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो.

व्याज घेणं हेच पाप का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतोय. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यावर शेकडो वर्षं वाद झालाय, इ.स. 325 मध्ये निकीयाला भरलेल्या धर्मपरिषदेने तर व्याज खाणाऱ्या पाळकाला पदावरून काढायचा नियम केला, आणि पुढे 1545 मध्ये कॅल्विन या धर्मसुधारकाने एका पत्रात मांडलं की सरसकट बंदी नको पण गरिबाच्या अडचणीवर व्याज कमावू नये. मला कॅल्विनचं पटतं. आणि घेतलेलं फेडावं हे शास्त्रही म्हणतंच, 37 व्या स्तोत्रात उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हटलंय, तेव्हा तुमची कंपनी पैसे परत मागते यात वावगं काही नाही.

पण मागायचं कसं? त्यासाठी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 24 वा अध्याय काढून सावकाश वाच. तिथे सांगितलंय की शेजाऱ्याला काही उसनं दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. जात्याची तळी गहाण घेऊ नको, कारण त्यावर त्याचं दळण आहे, म्हणजे पोट आहे. माणूस गरीब असेल तर त्याचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत कर म्हणजे तो ते पांघरून झोपेल. बघ ना, देवाला त्या माणसाच्या रात्रीच्या थंडीचीसुद्धा काळजी आहे, आणि सावकाराला तो उंबऱ्याच्या बाहेर थांबवतो. कर्ज काढलं म्हणून माणसाचं घर सावकाराचं होत नाही, बायकोपोरांसमोर त्याची झडती घ्यायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आता तू जे लिहिलंयस ते याच्याशेजारी ठेव. फॉर्ममध्ये दोन नातेवाइकांचे नंबर "फक्त ओळखीसाठी" म्हणून घ्यायचे आणि हप्ता चुकला की तिसऱ्या दिवशी त्याच नंबरांवर मेसेज टाकायचा, आणि त्या मेसेजची भाषा "थोडी लाज वाटेल अशी" ठेवायची, आणि ते लिहायचं काम तुझ्याकडे आलंय. मित्रा, आजच्या माणसाचं घर त्याच्या फोनमध्येच असतं, त्याचे फोटो, त्याची बहीण, सासरे, ऑफिसातला साहेब, सगळे तिथेच. हा मेसेज म्हणजे सरळ घरात शिरणं आहे. कर्जाच्या ॲपना लोकांचे फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला गूगलने 2023 मध्ये आपल्या प्ले स्टोअरवर बंदी घातली, ती उगाच नाही घातली. मग फॉर्ममधून नंबर घेतले म्हणून तेच काम चांगलं कसं होईल?

आणि तुमच्या फॉर्ममधला तो विम्याचा चौकोन, आधीच टिक केलेला, खाली फिकट राखाडी बारीक अक्षरं. बायबलच्या लेवीय पुस्तकात (19:14) आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको असं आहे, आणि लगेच पुढे, आपल्या देवाचं भय धर. आंधळ्याला कळणार नाही की दगड कुणी ठेवला, पण देवाला माहीत असतं. घाईत, रडकुंडीला येऊन फॉर्म भरणाऱ्याला ती राखाडी ओळ दिसणार नाही हे तुमच्या टीमला पक्कं माहीत आहे, म्हणून तर ती राखाडी आहे.

मग नोकरी सोडायची का? इथे मी घाई करणार नाही. येशूचा शिष्य मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला आणि येशूच्या मागे गेला, पण जक्कय तर जकातदारांचा प्रमुख, त्याला येशूने काम सोड असं म्हटल्याचं लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. जक्कय आपणहून उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्यानेही एवढंच सांगितलं, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका (लूक 3). म्हणजे एकाच धंद्यातल्या दोघांना दोन वाटा मिळाल्या, आणि तुझी कोणती हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. मला इतकंच दिसतंय की राहिलास तरी तो मेसेज आणि तो चौकोन, हे दोन स्क्रीन तुझ्या हातून होऊ नयेत.

"मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल," हे तुझं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. 18 व्या शतकात अमेरिकेत जॉन वूलमन नावाचा क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) तरुण दुकानात कामाला होता, मालकाने एका गुलाम बाईला विकलं आणि खरेदीखत लिहायला याला सांगितलं. त्याने लिहिलं, पण तिथल्या तिथे मालक आणि विकत घेणारा, दोघांना सांगितलं की हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही. त्यानंतर असली कागदपत्रं लिहायला तो नकार द्यायला लागला, मृत्युपत्रात गुलामांना वारसांच्या नावे करायचं असेल तर तेही लिहायचा नाही, भांडायचा नाही पण लिहायचा नाही. दुसरा कुणी लिहून देणारच हे काय त्याला कळत नव्हतं? तरी तो घरोघरी जाऊन बोलत राहिला, 1772 ला वारला, आणि 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी ठरवलं की आपल्यातल्या कुणी गुलाम ठेवायचे नाहीत.

तेव्हा सोमवारी साहेबाला मेल टाक. नातेवाइकांना मेसेज जाणार नाही, आठवण फक्त कर्जदारालाच, आणि त्यात हप्ता पुढे ढकलायची सोय ठळक अक्षरात, असा मजकूर तूच लिहून जोड, म्हणजे नुसता नकार दिला असं होणार नाही. चौकोन रिकामा ठेवायचं पण लिही. बायकोला आधी सांग, नोकरी गेलीच तर ओझं तिच्यावरही येणार आहे, आणि तसं झालं तर काही महिने माझ्याकडून घ्यायला लाजू नकोस, व्याजाचा तर प्रश्नच नाही. मेल पाठवायच्या आधी मला दाखव, भाषा दोघं मिळून नरम करू. पण तो लाज काढणारा मेसेज तू लिहू नकोस.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतोय.

तुझा मित्र