रिपोर्ट नॉर्मल असतानाही नाडी मोजणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातात ‘टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन) नॉर्मल’ असा कागद आला की बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच संपतं. छातीत धडधडतं, रात्री दोनला उघडलेले डोळे पुन्हा मिटत नाहीत, पंख्याखाली बसूनही घाम येतो, हे सगळं गोळीचा डोस जास्त झाल्यानेही असू शकतं, पण मग ते टेन्शन, वय किंवा पाळी जाण्याचा काळ यांच्या खात्यावर टाकलं जातं. तुम्ही तसं करत नाही. कागदाकडे बघण्याआधी मनगट हातात घेता, पूर्ण एक मिनिट नाडी मोजता आणि मग विचारता, “ही तपासणी कधीची?” त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. ते जाहीरपणे मानतोय, कारण तुमच्याकडून आम्ही जे शिकलो ते गोळी घेणाऱ्या प्रत्येक घरात पोचायला हवं.

तारखेचा प्रश्न पहिला का, हे तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही. लेव्होथायरॉक्सिनचं, म्हणजे या गोळीतल्या औषधाचं, अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ७ दिवसांचं. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं टीएसएच तिच्या मागून सावकाश, उलट्या दिशेने बदलतं: हार्मोन वाढलं की ते उतरतं. समजा ५० मायक्रोग्रॅमची गोळी १००ची केली आणि तिसऱ्याच आठवड्यात टीएसएच ८ वरून २ वर आलं. घरात सगळ्यांना बरं वाटतं. पण तो आकडा खाली उतरत असताना मध्येच टिपलेला असतो. महिन्याभराने तो ०.१ च्याही खाली जाऊ शकतो आणि धडधड मात्र आधीच सुरू झालेली असते. म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी, पण त्रास झाला तर तपासणीची वाट न बघता येऊन भेटायचं, असं तुम्ही दोन्ही एकत्र बजावता. दुसरी गोष्ट सांगायची बहुतेकांची राहून जाते.

रिपोर्ट जुना असेल तर तो तेव्हाच्या शरीराचा असतो, हेही तुमचंच सांगणं. ज्यांची ग्रंथी जवळपास कामच करत नाही त्यांना रोज वजनाच्या दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ७२ किलोला ११५च्या आसपास आणि ६० किलोला ९६. बारा किलो वजन उतरलं आणि बाटली तीच राहिली, तर रोज वीसेक मायक्रोग्रॅम जादा जातात. कॅल्शियमचंही तसंच. थायरॉईडच्या गोळीबरोबर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली की औषध आतड्यातच अडकतं, टीएसएच चढतं आणि डोस वाढवला जातो. पुढे कुणीतरी सांगतं की दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. सल्ला बरोबरच असतो. पण आता गोळी पूर्ण लागू पडते आणि वाढवलेला डोस जास्त होतो. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावरही गरज कमी होऊ शकते.

बाळंतिणींसाठी तुम्ही जे करता त्याबद्दल वेगळे आभार. गरोदरपणात डोस बऱ्याचदा २५ ते ५० टक्के वाढवावा लागतो आणि बाळंतपण झाल्यावर लगेच पूर्वीवर आणायचा असतो. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, तपासणारे डॉक्टर बदलतात, गरोदरपणातला कागद तोच पुढे चालतो आणि १०० गोळ्यांची बाटली तीन महिने पुरते. मग झोप नाही, घाम, केस गळणं, छातीत धडधड, हे सगळं ‘बाळंतपणात होतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही सातव्या-आठव्या महिन्यातच कागदावर लिहून देता: प्रसूतीनंतर अमुक डोस, सहा आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर ग्रंथीलाच सूज येऊनही हार्मोन वाढू शकतं. त्यामुळे प्रत्येक धडधडीला गोळीच जबाबदार धरायची नाही, हेही तुम्ही बजावता.

पण डोस स्थिर आहे, वजन तेच आहे, रिपोर्ट ताजा आहे आणि तरीही त्रास आहे, तेव्हा काय? इथे तुम्ही जे सांगता ते आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेची टीएसएचसाठीची ०.४ ते ४ ही ‘नॉर्मल’ पट्टी हजारो निरोगी माणसांवरून आखलेली असते. एका माणसाची स्वतःची पट्टी त्याहून खूप अरुंद असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं, तेव्हा प्रत्येकाचे आकडे छापील पट्टीच्या जेमतेम निम्म्या रुंदीत फिरताना दिसले. हा अभ्यास २००२ सालचा. ज्या बाईचं शरीर वर्षानुवर्षं २.५ वर सुखात होतं, तिला ०.५ वर आणून ‘नॉर्मल आहे’ म्हणणं कागदापुरतं खरं असतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या २००८च्या अभ्यासात ५५ वर्षांपुढची, टीएसएच नॉर्मल असलेली माणसं होती. त्यांच्यातही ज्यांचा आकडा खालच्या टोकाला होता त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका जास्त निघाला. ती माणसं गोळी घेणारी नव्हती, हे तुम्ही आवर्जून सांगता. तरी सत्तरीपुढच्या माणसाचं टीएसएच ०.५ वर कशाला ठेवायचं, ४ ते ६ चालतं की, हा तुमचा आग्रह आम्हाला पटलेला आहे.

रोजच्या नोंदींच्या वहीचं पान तुम्हीच आखून दिलंत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजायची. मोजायला अंगठा वापरायचा नाही, कारण त्यात स्वतःचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण चुकलेला ठोका त्यात निसटतो. बोटावरचं ऑक्सिमीटर आकडा देतं, पण ताल बिघडलाय का ते सांगेलच असं नाही. नेहमीपेक्षा दहा-पंधरा ठोके जास्त आणि तेही आठवडाभर, तर दाखवायला यायचं. शेजारी वजन, झोपेचे तास, शौचाला किती वेळा, गोळीची वेळ. आठवड्यातून एकदा हात समोर ताणून बोटांवर साधा कागद ठेवायचा. बारीक कंप असेल तर कागदाची कड थरथरते. पाटावरून हात न टेकता उठता येतं का तेही बघायचं, कारण जादा हार्मोनने मांड्या आणि खांद्यांचे स्नायू आधी ढिले पडतात. भूक चांगली असून वजन उतरणं, पाळीत रक्तस्राव कमी होणं, उगाच चिडचिड, हेही त्याच पानावर.

म्हाताऱ्या माणसांत यातलं बरंचसं दिसतच नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कळणंच कठीण. तिथे बऱ्याचदा कंप नसतो, घामही नसतो. माणूस नुसता गप्प होतो, खाणं कमी करतो, बारीक होतो आणि एक दिवस ठोके बिघडलेले सापडतात. मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल ही ठोके मंदावणारी औषधं चालू असतील तर नाडी आणि कंप दोन्ही झाकले जातात, तेव्हा वजन आणि झोप यांवरच नजर ठेवायची. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांचं रक्त जादा हार्मोनमुळे आणखी पातळ होतं, म्हणून तिथे आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, लवकर करायची.

बाटली सोबत आणायला लावता त्याचं कारणही पक्कं आहे. १२.५ आणि १२५ यांत फक्त एका टिंबाचा फरक, पण डोस दहापट. तुम्ही कागदावर आकड्याशेजारी अक्षरात ‘साडेबारा’ लिहिता, हे प्रत्येक दवाखान्यात व्हावं असं आम्हाला मनापासून वाटतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या जनावरांच्या थायरॉईड ग्रंथीपासून केलेल्या गोळ्यांबद्दलही तुम्हीच सावध केलंत. त्यातल्या एका ग्रेनमध्ये (त्या गोळ्यांचं माप) टी४ ३८ आणि टी३ ९ मायक्रोग्रॅम असतं; टी४ आणि टी३ ही थायरॉईडची दोन हार्मोन्स. टी३ दोन ते चार तासांत शिखर गाठतं आणि उतरतं. सकाळी गोळीआधी दिलेल्या रक्तात त्या शिखराचा मागमूस नसतो, पण धडधड नेमकी त्याच तासांत होते.

तपासणीच फसवते अशा वेळाही तुम्ही ओळखता. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) खोटं जास्त दिसतं, म्हणून निदान दोन दिवस आधी ते बंद. याउलट रक्तातल्या काही प्रतिपिंडांमुळे टीएसएच खोटं जास्त निघतं आणि त्याच्या मागे लागून डोस चढत जातो. अशा वेळी तुम्ही फ्री टी४ बघता आणि नमुना दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर पाठवता. पिट्युटरीचाच आजार असेल तर टीएसएचकडे बघायचंच नाही, फ्री टी४ वरच चालायचं.

आणि एवढं करूनही तुम्ही घाईने डोस तोडत नाही. आधी ईसीजी, हिमोग्लोबिन, दम्याचा पंप, चहा-कॉफी यांची चौकशी करता. मग १२.५ किंवा २५ ने कपात. नाहीतर १००ची गोळी रविवारी वगळायची: आठवड्याला ७०० ऐवजी ६००, म्हणजे रोजची सरासरी ८६ च्या आसपास, आणि नवी बाटलीही घ्यावी लागत नाही. औषध अंगातून सावकाश उतरतं, म्हणून बरं वाटायला दोन-तीन आठवडे द्यायचे. मनाने गोळी बंद करायची नाही. थायरॉईडच्या कॅन्सरनंतर ज्यांचं टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेलं असतं त्यांनी तर मुळीच नाही. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं किंवा नाडी जोरात आणि वेडीवाकडी लागली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी थेट हॉस्पिटल.

तुमच्या कंपाउंडरकाकांचेही आभार. नव्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून, नाडी कुठे लागते ते तेच हात धरून दाखवतात. वहीच्या त्या आखलेल्या पानाच्या प्रती काढून आम्ही औषधाच्या दुकानात ठेवू इच्छितो. तुमची परवानगी असेल तर पुढच्या फेरीला नमुना घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
वह्या घेऊन येणारे तुमचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं