गोव्याहून आल्यावर

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद. फोनवर हे मला बोलता आलं नसतं म्हणून टाइप करतोय, चार दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर थोडं थोडं लिहितोय, त्यामुळं मागंपुढं झालं असेल तर समजून घे. आईनं भाजणी आणि मेतकूट पार्सलला टाकलंय, दिवाळीच्या आत काही पोचायचं नाही, पण पोचलं की कळव.

रविवारच्या गोव्यातल्या ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल, पळणं एकामागोमाग, निकाल तू तिकडं पहाटे उठून फोनवर बघितलासच. ७ तास १० मिनिटं. पोहणं ५४ मिनिटं, सायकल ३ तास २५, पळणं २ तास ३७, आणि मधे शूज-हेल्मेट बदलण्यात गेलेली दोन्हीकडची मिळून १४ मिनिटं. १.९ किलोमीटर समुद्र, ९० सायकल, २१.१ पळणं, हे सगळं साडेआठ तासांच्या आत करायचं होतं. "पप्पा किती भारी" असा तुझा मेसेज आला तो मी मिरामारला वाळूत पाय पसरून वाचला आणि रडलो, आईनं तो फोटो तुला पाठवला, तुला वाटलं आनंदानं रडतोय. आनंद होताच गं. पण त्या दिवशी पाण्यात एक गोष्ट झाली ती मी कुणालाच सांगितली नाही, आईलाही काल सांगितली.

आधी हे सगळं कुठनं सुरू झालं ते. पहिल्या पगारातनं तू घड्याळ पाठवलंस, मी एमआयडीसीत जाताना ते लावायला लागलो, मग रंकाळ्याला चालणं, मग पळणं, मग ग्रुपमधल्या पोरांबरोबर सायकल. त्या घड्याळात पोहण्याचं एक चिन्ह होतं आणि ते मी दोन वर्षं दाबलं नव्हतं. तुला माहीत आहे, मला पोहता येत नव्हतं. गावाकडच्या विहिरीत सगळी पोरं पाठीला डबा बांधून उड्या मारायची, पण आमच्या आळीतला एक मुलगा बुडून गेला आणि तुझ्या आजीनं मला विहिरीच्या काठावर उभंसुद्धा राहू दिलं नाही. म्हणूनच तुला पोहायला घालायची मला एवढी घाई होती. २००८ साली आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंग ऑलिम्पिकला गेला, गल्लीगल्लीत त्याचं नाव, आणि तू नऊ वर्षांची. दुसऱ्या आठवड्यात तुझा फॉर्म भरला मी.

गेल्या वर्षी पन्नाशीला मी पाण्यात उतरलो. शिकवणारा मुलगा तुझ्याच वयाचा. पंधरा दिवस मला पंचवीस मीटर जाता येईना, छाती फुटेल असं व्हायचं, आणि मी त्याला सांगायचो की बाबा मला श्वास पुरत नाही. तो म्हणाला, काका तुम्हाला श्वास पुरत नाही असं नाही, तुम्ही आतला सोडतच नाही. हे मला आधी पटलंच नाही. पाण्यात तोंड घातलं की माणूस आपोआप श्वास धरून ठेवतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो साठला की मेंदू ओरडायला लागतो की मरतोयस तू, प्रत्यक्षात ऑक्सिजन भरपूर असतो. पाण्याखाली बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे तोंड वर आलं की फक्त घ्यायचं काम उरतं. हे जमायला मला दीड महिना लागला.

आणि माऊ, मला आठवलं की मी काठावरनं तुला काय ओरडायचो. "श्वास कमी घे! श्वासाला मान वळवलीस की वेळ जातो!" सहा वर्षं.

मग पुढचं. डोकं. पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशे पट दाट आहे, त्यामुळं अंग आडवं सरळ ठेवलं तरच ते वाट देतं, डोकं वर काढलं की तितकेच पाय खाली जातात आणि आपण भिंत ढकलल्यासारखे पोहतो. त्या मुलानं माझा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला, पाय पार खाली लोंबत होते. तुला मी काय सांगायचो? "समोर बघ, शेजारची कुठं पोचली बघ!" तू खरंच बघायचीस, डोकं उचलून, पप्पा म्हणतात म्हणून. तुझे सर तुला उलटं सांगत असणार आणि तू दोघांच्या मधे. आणि ते "पाय मार, पाय मार", ते तर पूर्ण स्टँडला ऐकू जायचं. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, लांबच्या अंतराला ते जोरात मारत राहिलं तर सगळा दम तेच खाऊन टाकतात आणि पुढं जाणं त्या मानानं थोडंच होतं, ओढायचं काम हाताचं. चारशे मीटरला मी तुला पहिल्या लॅपपासून पाय मारायला लावत होतो.

हे सगळं एकदम नाही कळलं, वर्षभर एकेक करून कळत गेलं, आणि दर वेळी कळलं की तो दिवस माझा वाईट जायचा. तुला फोन करून सांगावं असं वाटायचं आणि मग आपण पगार, हवा, आईची शुगर असं बोलून ठेवून द्यायचो.

सीझन म्हणशील तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते तिथनं सुरू झाला. तिथं पाणी शांत होतं, बाजूला होड्या, मी आरामात पोहून बाहेर आलो आणि मला वाटलं समुद्र जमला. मग जानेवारीपासून सायकल. पहाटे साडेचारला उठून आंघोळ न करताच बाहेर, एक रविवार निपाणीच्या बाजूला हायवेनं, एक रविवार गगनबावड्याकडं, मधल्या दिवसांत पन्हाळ्याचा चढ. हंगामाचे दिवस म्हणजे उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि मागचा दिवा बहुतेकांना नसतोच, अंधारात अचानक समोर उसाची भिंत उभी राहते, म्हणून आम्ही कायम पाच-सहाजण मिळून जायचो. पण गुऱ्हाळ लागली की वास काय येतो, तू असतीस तर थांबून काकवी मागितली असतीस. फेब्रुवारीत ऑलिम्पिक अंतराची एक ट्रायथलॉन केली, दीड किलोमीटर, ४० आणि १०, पोहणं तलावात होतं. तिथं कळलं की सायकलवरनं उतरून पळायला लागलं की पाय आपले राहत नाहीत. दीड-दोन तास ते एकाच चक्रात फिरलेले असतात, जमिनीवर टेकल्यावर लाकडाचे होतात, पहिले दोन किलोमीटर तसेच ओढायचे मग सुटतात. त्यासाठी मुद्दाम सायकल झाल्या झाल्या पळायचं, त्याला ब्रिक म्हणतात. मी ते घराखालीच करायचो, सायकल जिन्याखाली टाकायची आणि तसंच रंकाळ्याला एक चक्कर.

जून ते ऑगस्ट फार काही लिहिण्यासारखं नाही. पाऊस, हॉलमध्ये ट्रेनरवर जागच्या जागी सायकल, आईच्या सिरियलच्या वेळा सांभाळून. जुलैत पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली तेव्हा आठवडाभर ट्रेनिंग वगैरे सगळं बाजूला ठेवलं, काकूंकडचं सामान वर चढवत होतो. त्यानंतर ताप आला, तीन आठवडे गेले, आणि सप्टेंबरात मी गोवा सोडून द्यायच्या विचारात होतो. तू तेव्हा म्हणालीस, "पप्पा नाही जमलं तर नाही जमलं, पैसेच गेले ना." किती सहज म्हणालीस. मी तुला असं एकदा तरी म्हणालो होतो का?

आता त्या रविवारचं.

आदल्या दिवशी सायकल नेऊन लावून ठेवायची असते, ती ठेवली. दंडावर नंबर, घोट्याला वेळ मोजायची चिप. पाणी कोमट असतं त्यामुळं वेटसूट, म्हणजे तो अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, घातला नव्हता, आणि वेटसूट नाही म्हणजे तरंगायला ती मदतही नाही. थोडे थोडे लोक सोडत होते. लाट किनाऱ्यावरनं छोटी दिसते, आत गेल्यावर ती तोंडाच्या उंचीची असते. पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये कुणाचा तरी पाय माझ्या गॉगलवर बसला, गॉगल सरकला, खारं पाणी डोळ्यात, श्वास घ्यायला तोंड वळवलं तर नेमकी लाट आत. आणि मी श्वास धरून ठेवला. सगळं शिकलेलं गेलं. डोकं वर काढलं, पाय खाली गेले, हात नुसते आपटत होते. समोरचा बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, दिसेना. मला फक्त ती विहीर दिसत होती.

कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवर, एक मुलगी होती, तिनं हाक मारली, मी जाऊन कयाकची कड धरली. नियमानं धरता येते, पुढं सरकायचं नाही एवढंच. ती म्हणाली, "घाई नाही काका, धरून रहा."

तिथं धरून मी लटकत होतो आणि मला पुण्यातली बालेवाडीची ती स्पर्धा दिसली. तू चौदा वर्षांची, ४०० मीटर फ्रीस्टाइल, अडीचशेला तू थांबलीस आणि लेनच्या दोरीला दोन्ही हातांनी धरलंस. तुझा चेहरा वर होता आणि तू स्टँडमध्ये शोधत होतीस, मला शोधत होतीस. मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी "सोड दोरी!" म्हणून ओरडलो आणि मग खाली बसलो, दुसरीकडं बघितलं. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत गाडीत एक शब्द बोललो नाही, कराडला चहाला थांबलो तेव्हा तू गाडीतच बसलीस आणि मी तुला बाहेर ये म्हणालोही नाही. चार महिन्यांनी तू पोहणं सोडलंस, दहावीचं कारण सांगितलंस, मी ते खरं मानून घेतलं कारण ते सोयीचं होतं.

कयाकवरच्या त्या पोरीनं मला जे दिलं ते मी तुला द्यायला हवं होतं, दोन मिनिटं. बस, दोन मिनिटं धरून राहायला दिलं असतं तर काय झालं असतं. मला तिथं रडू येत होतं आणि पाण्यात रडताही येत नाही, श्वासाची गडबड होते. मग मी तोंड पाण्यात घालून नुसते बुडबुडे सोडले, वीस-तीस वेळा, तिला हात केला आणि निघालो. बाकीचं पोहणं मला फारसं आठवत नाही. १ तास १० मिनिटांची मुदत होती, ५४ ला बाहेर आलो.

सायकलचा रस्ता मी सपाट धरून चाललो होतो, तसा तो नाही, चढ-उतार आहेत आणि उतारावर वारं आडवं येतं. दुसऱ्याच्या मागं चिकटून जायचं नसतं, १२ मीटर अंतर ठेवायचं, ग्रुपमध्ये जायची सवय असलेल्या मला ९० किलोमीटर एकट्यानं काढणं जड गेलं. दर वीस मिनिटांनी खायचं ठरवलं होतं, जेल आणि राजगिऱ्याची चिक्की, इलेक्ट्रालच्या दोन बाटल्या. पळताना ऊन आणि दमट हवा, घाम वाळतच नाही, कपडे भिजून अंगाला, दर पाण्याच्या टेबलाला बर्फ टोपीत घालत होतो. चौदा किलोमीटरनंतर मी चाललो, चक्क चाललो, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. रस्त्यात एक बाप आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता, ती टाळ्या वाजवत होती, येणाऱ्या प्रत्येकासाठी, पहिला असो की शेवटचा.

मेडल मिळालं, ते तुझ्या खोलीत तुझ्या कपांच्या शेजारी ठेवलंय. आईला काल सगळं सांगितलं तर ती म्हणाली, पोरीला सांगा, मला काय सांगताय. तिला बालेवाडीचं सगळं माहीत होतं, तू तेव्हाच तिला सांगितलं होतंस म्हणे. दहा वर्षं तिनं ते जपलं.

माऊ, मी चुकलो. तेव्हा मला पाणी माहीत नव्हतं हे खरं आहे, पण तू माहीत होतीस ना मला, तुझा चेहरा दिसत होता ना. मी तुला परत पोहायला लाग म्हणत नाही, तो विषयच नाही. फक्त त्या दिवशी अडीचशे मीटरला तुला काय झालं होतं हे मी कधी विचारलं नाही, ते आता विचारतोय. गॉगलमध्ये पाणी गेलं होतं का, दम लागला होता, पोटात दुखत होतं, की माझाच आवाज नको झाला होता. जे असेल ते. लगेच नको सांगू, तुला नको असेल तर सांगूच नकोस.

डिसेंबरात मी परत मालवणला जातोय, तू त्याच सुमारास सुट्टीवर येतेस. आलीस तर किनाऱ्यावर टॉवेल घेऊन बसशील का? ओरडलीस तरी चालेल.

थंडीची काळजी घे, वेळेवर जेव.

तुझा,
पप्पा