तुझा हात तेवढा फ्रेममध्ये आलाय

सांगली

प्रिय बंड्या,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू पाच मिनिटांत "बरं बरं, चालतंय की" म्हणून फोन ठेवला असतास म्हणून लिहितोय. शिवाय थोडी माफी पण मागायचीय, आणि तुझी माफी फोनवर मागायला लागलो की मला हसू येतं.

१९९२ चा तो फोटो आठवतोय का, आजोबांच्या पंचाहत्तरीचा, वाड्याच्या चौकात काढलेला? मधे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागं सगळी मोठी माणसं, पुढं आपली पोरांची रांग, आणि तू उजव्या कडेला, एक हात आजोबांच्या खांद्यावर टाकून, जसा काही तूच यजमान. तो अल्बम २०१९ च्या पुरात खालच्या कपाटात राहिला. मारुती चौकात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही गॅस, गाद्या, धान्य, बाबांची औषधं असं वर नेत बसलो आणि अल्बम कुणाच्या डोक्यातच आला नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, तिथं ५७ च्या वर पाणी गेलेलं, त्यात अल्बमचं काय घेऊन बसलास.

नंतर मी ती पानं थंड पाण्याच्या ताटात ठेवून एकेक फोटो सोडवला. प्लॅस्टिकला चिकटलेले, तसेच ओढले असते तर चेहरे प्लॅस्टिकवर निघून आले असते. दोरीवर चिमटे लावून वाळवले, बायको म्हणली काय धुणं घातलंय. आपला फोटो मधे बरा राहिलाय पण कडा गेल्या. रंगीत फोटोच्या कागदावर रंगाचे तीन थर असतात, वरती निळसर, मधे किरमिजी, तळाला पिवळा, आणि पाणी वरनं खात जातं, त्यामुळं आधी लाल दिसायला लागतं मग पिवळं मग नुसता पांढरा कागद. तू कडेला होतास ना, तर तुझी चड्डी लालभडक, नडग्या पिवळ्या आणि पाय नाहीतच. कमरेच्या वर मात्र तू जसाच्या तसा, मुडदूस.

यंदा बाबांनी काढलं, आईदादांचा, म्हणजे आपल्या आजी-आजोबांचा, एक नीट फोटो भिंतीवर लावू. माळ्यावर एक जुनी सागवानी फ्रेम सापडली, लंबगोल, आत पाच बाय सातचं भोक. बाबा फोटोवर फ्रेम धरून म्हणले, हे बघ, कोपरे आपोआप झाकले जातात. खरंच की! पाण्यानं नेमके कोपरेच खाल्लेत आणि लंबगोलाला कोपरेच नसतात. म्हटलं हे काम आपण घरीच करू, त्यात काय.

पहिल्यांदा कॅनव्हात गेलो, तयार डिझाइनची ती वेबसाइट, तिथं गोल फ्रेम तयारच असते, फोटो ओढून आत सोडला की झालं. झालं पण दोन मिनिटांत, आणि आजी-आजोबा दोघं बघितले तर डिट्टो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुक! खाली फक्त "समस्त मित्र परिवार" लिहायचं बाकी होतं. ते बंद केलं आणि फोटोपी उघडलं, फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही, आणि फोटो कुठं अपलोड होत नाही, आपल्याच मशीनवर राहतो, घरचे फोटो म्हणल्यावर मला ते बरं वाटलं. चौकोनी सिलेक्शनचं टूल दाबून धरलं की खाली लंबगोलाचं निघतं. मला अर्धा तास हेच कळेना की मी कानाजवळनं ओढायला लागतो आणि गोल भलतीकडंच का उमटतो. तर तो गोल कडेपासनं सुरूच होत नाही, त्याच्याभोवती जी न दिसणारी चौकट असते तिच्या कोपऱ्यापासनं होतो. मग आल्ट दाबून मधनं ओढायला लागलो, दोन खुर्च्यांच्या मधोमध माऊस ठेवून, तेव्हा कुठं जमलं. अगदी गोल हवा असला तर शिफ्ट दाबायचं, पण माऊस आधी सोडायचा, शिफ्ट मागनं, उलटं केलं की परत अंडं.

आता चूक सांगतो. फोटो मी ६०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असा स्कॅन केलेला, आणि छपाईला ३०० पुरतात, म्हणजे मूळ फोटोतला अडीच बाय साडेतीन इंचाचा तुकडा बरोब्बर पाच बाय सात होतो, १५०० बाय २१०० पिक्सेल. हिशोब मला तोंडपाठ झालेला. पण तुला बाहेर ठेवायच्या नादात माझा तुकडा अरुंद निघाला, रुंदीला १२५० च. मग मी काय केलं, साइजच्या खिडकीत लांबी-रुंदीचं प्रमाण बांधून ठेवणारी ती साखळी असते ती सोडली आणि सरळ १५०० टाइप केलं. दिसायला काही वाटलं नाही रे, लंबगोलात कळतच नाही, गोल असता तर लगेच अंडं झालेलं दिसलं असतं. प्रिंट काढून आणली, बाबांच्या हातात दिली. बाबांनी चष्मा वर सरकवला, फोटो डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मग म्हणाले, "आईचं कुंकू असं नव्हतं."

तुला आठवतंय, आजी आधी मेणाचा ठिपका लावायची, बोटानं गोल फिरवायची आणि मग त्यावर कुंकू, बंद्या रुपयासारखं वाटोळं. प्रिंटमध्ये ते हरभऱ्याच्या डाळीएवढंच होतं, पण आडवं झालेलं. एवढंसं! चेहरा रुंद झालाय, आजोबा तब्येतीनं सुधारलेत, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आईचं कुंकू आडवं झालेलं दिसलं. मी परत बसलो. आता काही ताणलं-बिणलं की आधी झूम करून आजीच्या कपाळावर जातो, तिथं गोल तो गोल.

साखळी न सोडता १५०० रुंदी घ्यायची म्हणजे तुकडा रुंद घ्यायला पाहिजे, आणि तुकडा रुंद घेतला की तू येतोस. सगळा नाही. फक्त तुझा हात. आजोबांच्या खांद्यावर चार बोटं आणि मनगट, पुढं लंबगोलाची कड, बाकी माणूसच नाही! कधी बघितलं तर भुताचा वाटतो. ते क्लोन स्टँपचं टूल असतं, बाजूचं कापड उचलून वर थापायचं, तसं थापून मी तुझा हात गायब करून बघितला, छान झालेलं काम, शिवण पण दिसत नव्हती. पण आजोबा एकदम ताठ दिसायला लागले. हात होता तेव्हा खांदा जरा तुझ्याकडं झुकलेला होता, आता विनाकारण वाकडा. अंडू मारलं, म्हणजे केलेलं मागं घेतलं. हात राहिलाय. आणि माफी कशाची तर बाकीचा तू कापला गेलास त्याची. तशी मी काहीच कापलेलं नाही, लेयर मास्क लावलाय, म्हणजे गोलाबाहेरचं नुसतं झाकलेलं असतं, पांढरा ब्रश फिरवला की परत दिसतं. तर त्या फाइलीत तू अजून आहेस, चड्डी लाल.

कडेला फेदर द्यायचा, म्हणजे कड धुरकट करायची, का नाही यावर घरात दोन तट. आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या अल्बमात नाही का कडा धुरकट करून नवरा-नवरी ढगात, ते आईला पाहिजे होतं. एका जुन्या फोटोग्राफर काकांनी सांगितलं की त्यांच्या वेळी डार्करूममध्ये एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरनं मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या, भिंगाखाली पुठ्ठा धरायचे, त्याला लंबगोल भोक पाडलेलं, आणि कागदावर उजेड पडेतोवर तो पुठ्ठा हातानं हलवत राहायचं, म्हणजे कड विरघळल्यासारखी येते. किती हलवायचं ते हाताला माहीत. आपण फेदरला चाळीसचा आकडा टाकतो, झालं. शेवटी फेदर दिला नाही, लाकडाच्या कडेला धुरकट कड शोभत नाही असं माझं मत, आईचं अजून वेगळं आहे.

गंमत म्हणजे सगळं करून फ्रेमवाल्याकडं गेलो तर तो म्हणतो, "लंबगोल कशाला कापून आणलात? चौकोनी आणायचा, फर्मा ठेवून आम्ही कापतो की, कडेला अर्धा सेंटिमीटर आत दबतो." दोन रात्री, बंड्या! परत एक चौकोनी प्रिंट काढली. माझा लंबगोल मग फॅमिली ग्रुपवर टाकायला वापरला, तिथं पण पहिल्यांदा जेपीजी केला, जेपीजीला पारदर्शक असं काही नसतंच, त्यामुळं पांढऱ्या चौकोनात लंबगोल, सासुरवाडीच्या ग्रुपवर एकानं विचारलं ही कसली पत्रिका. मग पीएनजी करून डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

तुझ्यासाठी एक वेगळा गोल केलाय, शिफ्ट धरून, त्यात तू आणि मी कमरेच्या वर, माझा दात पडलेला दिसतोय. छापून ठेवलाय, येशील तेव्हा ने.

आता कामाचं. तुमच्या आईकडं याच फोटोची एक कॉपी होती, माझ्या आईला पक्कं आठवतंय, आणि पुण्यात काही पूर आला नाही तुमच्या तिसऱ्या मजल्यावर. ती काढ. फोननं फोटोचा फोटो काढू नकोस, ट्यूबलाइटचा पट्टा येतो आणि वाकडं होतं, कुठंतरी स्कॅन कर, ६०० वर, आणि व्हॉट्सॲपला फोटो म्हणून टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर तो दाबून बारका करतो. तुझे पाय कुठल्या चपलांत होते ते मला बघायचंय. बाबा म्हणतात तू अनवाणी होतास, मी म्हणतोय माझ्या चपला घातलेल्यास.

तुझा,
पप्या