डॉलर येईपर्यंतची रात्र

महोदय,

यूपीआयने चहाचे पैसे क्षणात जातात, मग परदेशातले पैसे का रखडतात, असे हल्ली सर्रास विचारले जाते. सामान्य खातेदारापुरते ते रास्तच आहे. पण बँका-बँकांमधल्या कोट्यवधी डॉलरच्या देण्याघेण्यालाही हीच वेगाची फूटपट्टी लागते आहे, याची मला काळजी वाटते. २०२७ अखेर अशा व्यवहारांपैकी ७५ टक्के तासाभरात पूर्ण व्हावेत, असे जी-२० देशांचे उद्दिष्ट आहे.

मी मुंबईत एका बँकेच्या विदेशी चलन विभागात बॅक ऑफिसला होतो. नव्वदच्या दशकात डॉलर घेतले की रुपये आम्ही दिवसा चुकते करायचो; डॉलर मात्र न्यूयॉर्क उघडल्यावर, म्हणजे आपल्या रात्री, नॉस्ट्रो खात्यात (परदेशी बँकेतल्या आमच्या डॉलर खात्यात) पडायचे. एका शुक्रवारचे डॉलर आलेच नाहीत. सोमवारी स्टेटमेंटवर लाल पेन्सिलने खुणा करत गेलो, ती एक नोंद काही सापडेना. निघाली खाते क्रमांकाची चूक, पैसे दोन दिवसांनी मिळाले. पण तोवर रुपये हातातून गेलेले होते आणि समोरची बँक मधेच बुडाली असती, तर आम्ही काय करणार होतो?

हे नुसते भय नव्हते. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतल्या कोलोनची हेरश्टाट बँक बंद केली गेली. चलनाच्या सौद्यांत तिला समोरच्या बँकांकडून मार्क, म्हणजे तेव्हाचे जर्मन चलन, मिळाले होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती आणि तिच्याकडून यायचे डॉलर आलेच नाहीत. अशा सौद्याच्या दोन्ही बाजूंचे पैसे एकाच वेळी चुकते करणारी सीएलएस बँक सुरू व्हायला २००२ साल उजाडले. आज तिथे १८ चलने आहेत, रुपया नाही. आपल्याकडे डॉलर-रुपयाच्या व्यवहारात क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही संस्था दोन्ही बँकांच्या मधे उभी राहिली, म्हणून आमच्यामागून आलेल्यांची धाकधूक संपली.

नुसत्या घाईचा धोका वेगळाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८.१ कोटी डॉलर चोरांनी फिलिपिन्सला वळवले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी वाचले, ते ‘फाउंडेशन’चे स्पेलिंग चुकल्याचे मधल्या एका बँकेतल्या माणसाच्या नजरेला पडले म्हणून. तेवढी सवड यंत्रणेत राहायला हवी.

बँकांच्या ठेवी आणि मध्यवर्ती बँकांचा पैसा एकाच मंचावर आणून दोन्ही बाजू एकदम चुकत्या करण्याचा ‘अगोरा’ हा प्रयोग २०२४ मध्ये सात मध्यवर्ती बँकांना घेऊन जाहीर झाला. त्या सातांत रिझर्व्ह बँक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. मोठ्या रकमा लगेच चुकत्या करणारी आपली आरटीजीएस यंत्रणा डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. न्यूयॉर्क उघडे असताना, आपल्या मध्यरात्रीही, रुपयाची बाजू चुकती होऊ शकते. ही जमेची बाजू घेऊन रिझर्व्ह बँकेने अशा मंचांवर आताच जागा मागावी. नियम ठरून गेल्यावर रुपयाला त्यात बसवणे फार जड जाईल.

— एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली