मंडळांचा कारभार तरुणांच्या हाती द्यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेविषयी आपल्याकडे छापून येते ते बहुधा दुष्काळ, यादवी आणि साथीच्या रोगांपुरतेच असते. ज्या खंडातील निम्मे लोक साधारण १९ वर्षांच्या आतले आहेत, तिथली मुले-मुली सार्वजनिक कामात कशी उतरतात आणि त्यांना घडवते कोण, हे मराठी वाचकापर्यंत फारसे पोहोचत नाही. या घडणीत चर्च, मशिदी आणि त्यांच्याशी जोडलेल्या युवक संघटनांचा वाटा मोठा आहे. गणेशोत्सव मंडळे आणि पाडव्याची स्वागतयात्रा यांतून कार्यकर्ते घडवणाऱ्या ठाण्याने तो समजून घ्यावा, म्हणून हे पत्र.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या राजवटीने कृष्णवर्णीयांना राजकारणाची दारे बंद केली, तेव्हा सभा चालवणे, इतिवृत्त लिहिणे, चार लोकांसमोर उभे राहून बोलणे हे सारे तरुणांना चर्चच्या आणि मिशन शाळांच्या आवारात शिकायला मिळाले. कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नेते आल्बर्ट लुथुली हे शिक्षक होते आणि चर्चमध्ये प्रवचनही करत. १९३८ मध्ये ते मद्रासजवळच्या तांबरम येथील मिशनरी परिषदेला आले होते आणि पुढे १९६० च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी ठरले. नेल्सन मंडेला फोर्ट हेअर कॉलेजात शिकत असताना रविवारी आसपासच्या खेड्यांत बायबलचे वर्ग घेत असत. स्टीव्ह बिको १९६९ मध्ये ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले, तिची सुरुवातीची बोलणी ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या एका संमेलनात झाली होती.

मात्र श्रद्धेच्या नावाने जमलेली तरुणाई कोणत्याही दिशेला नेता येते, आणि हे नायजेरियाच्या उत्तरेकडील काडुना शहराइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये हे दोघेही तरुणपणी आपापल्या धर्माच्या युवक संघटनांचे पुढारी होते आणि दोघांनीही आपल्या संघटनेतील तरुणांना दंगलीत उतरवले होते. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांनी उजवा हात गमावला. अशाफा यांचे गुरू आणि दोन भाऊबंद मारले गेले. १९९५ मध्ये एका पत्रकाराने या दोघांची गाठ घालून दिली, तरीही मनातला संशय जायला पुढे बराच काळ लागला. त्यानंतर त्यांनी मिळून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र उभे केले आणि ज्यांच्या हाती पूर्वी शस्त्रे होती अशा तरुणांनाच आपापल्या वस्तीत मध्यस्थी करण्याचे शिक्षण दिले. पोरे तीच होती आणि त्यांची श्रद्धाही तीच होती. बदलले ते त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम. मला या उदाहरणाचे मोल सर्वांत अधिक वाटते.

लायबेरियात लेमा ग्बोवी यांनी लुथेरन चर्चच्या मानसोपचार उपक्रमात तिथल्या यादवी युद्धातल्या बालसैनिकांबरोबर काम केले आणि २००३ मध्ये ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रियांना पांढऱ्या कपड्यांत राजधानी मनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ शांततेच्या मागणीसाठी एकत्र बसवले. त्या वर्षीच्या शांतता करारामागे या स्त्रियांचा रेटा होता. उलट, केनियातील शाकाहोला येथे २०२३ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या शब्दावर उपाशी राहिलेल्या अनुयायांचे चारशेहून अधिक मृतदेह जंगलात सापडले. जिथे प्रमुखाला कोणी जाब विचारू शकत नाही, तिथे श्रद्धेचे काय होते, हे त्यातून कळते.

आता आपल्याकडे पाहावे. आमच्या भागातील मंडळांत मुले दारोदार फिरून वर्गणी गोळा करतात, मंडपाला रात्र-रात्र राबतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी आवरतात. पण पावतीपुस्तके संध्याकाळी ज्यांच्याकडे जमा होतात ते खजिनदार वर्षानुवर्षे तेच असतात, आणि धर्मादाय कार्यालयात सादर होणारा हिशेब त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि आरतीचे ताट येते. कार्यकारिणीत त्यांचे नाव आले तरी ते सांस्कृतिक समितीपुरते. यांत कुणाचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने कधी जमाखर्च मांडला नाही आणि वर्गणीदारांच्या प्रश्नांना उत्तर दिले नाही, त्याला पुढे पुढाऱ्याच्या फलकावर आपला फोटो झळकवणे एवढाच नेतृत्वाचा अर्थ कळतो.

आफ्रिकी संघाने २००६ मध्ये संमत केलेल्या युवक सनदेत १५ ते ३५ वयोगटाला निर्णयप्रक्रियेत सहभागाचा हक्क मान्य केला आहे. आपल्या मंडळांनी, तसेच शहरातील चर्च, मशिदी आणि गुरुद्वारांच्या समित्यांनीही, खजिनदार व चिटणीस ही दोन पदे आलटून-पालटून तिशीच्या आतील मुला-मुलींकडे द्यावीत आणि ज्येष्ठांनी सल्लागार म्हणून मागे राहावे. सणांपूर्वी पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या ज्या बैठका होतात, त्यांत बहुतेक वेळा प्रौढ मंडळीच बसलेली दिसतात. प्रत्यक्ष रस्त्यावर उभी राहणारी राबोडीची, मुंब्र्याची आणि नौपाड्याची मुले-मुली तिथे शेजारी बसली, तर मिरवणुकीच्या दिवशी ती एकमेकांना नावाने ओळखत असतील. येत्या गणेशोत्सवापूर्वीच्या बैठकांपासूनच त्यांना निमंत्रण जावे, अशी पोलीस आयुक्तालयाला आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे