एचआयव्हीचे औषध पाड्यापर्यंत पोचावे

महोदय,

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत आरोग्यसेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी पाड्यावर कशी येते, हे मी तिथे जवळून पाहिले आहे. तिच्यावरचे लेबल वाटेतच खरवडलेले असते आणि पिशवीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला असतो. हे औषध सरकार २००४ पासून मोफत देते, आणि २०१७ पासून तर निदान होताच, सीडी-४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) कमी होण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. परंतु सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. त्यामुळे नाशिकला औषधाला जायचे तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. जवळ सोय असली, तरी तिथे ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने मुद्दाम लांब जाणारेही मला ठाऊक आहेत.

बाधितांना एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईने ती कधीच घेतली नाही. कार्ड काढले की कंडक्टरबरोबर शेजारच्या सीटवरच्या गावकऱ्यालाही आजार कळणार. त्यापेक्षा २०२३ पासून सगळ्याच बायकांना मिळणारे अर्धे तिकीट तिला परवडते. संमतीशिवाय कोणाचाही आजार उघड करू नये, असे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो खरा, पण एसटीत बसताना त्या ताईला त्याचा काय उपयोग?

गोळी नियमित घेतली आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, ते उपचाराने ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणजे गोळी वेळेवर घरी पोचवणे हाच मोठा प्रतिबंध आहे, आणि १ डिसेंबरच्या प्रभातफेऱ्यांपेक्षा (त्यांत मीही घोषणा दिल्या आहेत) त्यावर अधिक शक्ती खर्च व्हायला हवी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या ज्या खिडकीतून मिळतात, तिथूनच याही गोळ्या साध्या पिशवीत मिळाव्यात. रांग एकच असली की कोण कशासाठी उभे आहे, हे कळत नाही. घरपोच औषधाचे काम सरसकट आशाताईंवर टाकू नये, कारण आशाताई त्याच गावची, बहुधा भावकीतलीच असते आणि तिलाच कळू नये अशी अनेकांची इच्छा असते. शेजारच्या गावची कार्यकर्ती किंवा स्वतः उपचार घेणारी व्यक्ती अधिक विश्वासाची वाटू शकते. कोणाकडून औषध घ्यायचे, हे रुग्णाला ठरवू द्यावे.

सर्वांत तातडीचा प्रश्न स्थलांतराचा आहे. ऑक्टोबर छाटणीला इथली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, तिथे महिन्याची डबी संपते आणि मुकादमाकडे सुट्टी मागताना कारण सांगता येत नाही. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, प्रसंगी औषधालाच दाद देईनासा होतो. कोरोनाकाळात प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. छाटणीला निघणाऱ्यांनाही, गाव सोडण्यापूर्वीच, तशा तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक