फुगणाऱ्या मातीवरचा पाया

माननीय संपादक,

फुगणाऱ्या चिकणमातीवरच्या घराची भिंत तडकली की दोष सिमेंटला दिला जातो. खरे कारण जमिनीत असते. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. तो नुसता रुंद केल्याने काँक्रीट वाढते, हालचाल थांबत नाही. खोलवर ओलावा जवळजवळ स्थिर असतो. म्हणून साधारण ३.५ मीटर खोलीचे, तळाशी खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. पाइलच्या डोक्यांना जोडून भिंत पेलणाऱ्या वरच्या बीमखाली किमान ८० मिलिमीटर पोकळी हवीच. ती भरून टाकली (हे सर्रास होते) की फुगलेली माती बीमलाच उचलते. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. मोठी झाडेही लांबच लावावीत.

आपला,
एक स्थापत्य अभियंता